२३ मुलं, १९ कागद आणि तेच दोन डोंगर: वर्गात नवं काही सुचावं म्हणून काय खेळता येईल?

माणदेशी_बाई:

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गात २३ मुलं. गेल्या शनिवारी दप्तराविना शाळा होती, म्हणून सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि म्हटलं, आज काहीही काढा, मनात येईल ते.

पाऊण तासाने कागद गोळा केले. २३ पैकी १९ कागदांवर एकच चित्र होतं. पट्टीने आखलेले दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, त्याचे काट्यांसारखे किरण. डोंगरातून निघून पुढे रुंद होत आलेली नदी, एका बाजूला झोपडी, दुसऱ्या बाजूला नारळ, वर बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी.

आमच्या गावात नारळाचं एक झाड नाही. नदी आहे, पण पावसाळा सरला की तिच्यात वाळू आणि कडेला बाभळी. सूर्य शाळेमागच्या माळावरून वर येतो आणि तिथे पवनचक्क्या आहेत. वर्गाच्या खिडकीतून शेततळ्यात अंथरलेला काळा प्लॅस्टिकचा कागद चमकताना दिसतो, कांद्याची चाळ दिसते, मेंढरं जाताना दिसतात. यातलं काही म्हणजे काही कागदावर उतरलं नव्हतं.

उरलेल्या चारांत दोन झेंडे, एक गणपती आणि एक कागद काळ्या खडूने पूर्ण भरलेला. मी त्या मुलाला विचारलं, हे काय काढलंस? तो म्हणाला, "लाईट गेल्यावरची आमची खोली." तो कागद मी घरी आणला. रात्री कितीतरी वेळ समोर ठेवून बसले होते.

निबंधाचंही तसंच. 'मी पक्षी झालो तर' म्हटलं की सगळे निळ्या आकाशात उंच उडतात आणि शेवटी आईची आठवण येऊन परत येतात. आणि हीच मुलं मधल्या सुट्टीत बघावीत! परवा सायकलचं जुनं टायर, दोन विटा आणि एक फुटकी बादली एवढ्यावर त्यांनी एक खेळ काढला. त्याचे नियम मला पाच मिनिटं कळेनात, त्यांना मात्र तोंडपाठ. घंटा होते, मुलं आत येतात आणि ते सगळं बाहेर पटांगणात राहतं.

तर विचारायचं एवढंच: ते पटांगणावरचं डोकं वर्गात कसं आणायचं? माझ्याकडे शनिवारचा एक तास आहे, रोज परिपाठानंतरची दहा मिनिटं आहेत. पैसे खर्च करून काही आणायला लावू नका. 'टाकाऊतून टिकाऊ' आम्ही केलंय. मुलांच्या आया रात्री जागून थर्माकोल आणि चकमकीत कागद विकत आणतात, त्यात मुलाचं काहीच उरत नाही. स्वतः करून पाहिलेलं सांगितलंत तर फार बरं होईल.

काडेपेटी:

बाई, काळ्या कागदाच्या त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

मी पुण्याचा. शाळेत असताना आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत एक दिवस घालवला होता. अरविंद गुप्ता तिथे मुलांना कचऱ्यातून खेळणी करायला शिकवायचे. माणूस आयआयटी कानपूरचा, नोकरी पुण्यात टेल्कोमध्ये. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांची काड्यांची खेळणी निघाली. साहित्य म्हणजे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वला लागते ती बारीक रबरी नळी. सायकलच्या दुकानात वॉलट्यूब म्हणून मागा, काही रुपयांत वर्गाला पुरेल एवढी मिळते.

काडीचं गुलाचं टोक ब्लेडने खरवडायचं (हे तुम्ही घरीच करून न्या). नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. एका तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या घातल्या की सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करून दाबा, तो कलतो. हे फळ्यावर सांगायचं नाही, मुलांच्या बोटांना कळू द्यायचं. मग विचारा, चौकोन कलू नये म्हणून काय कराल? कुणीतरी कोपऱ्यातून कोपऱ्यात काडी घालेलच. त्यानंतर मुलांना बाहेर नेऊन पत्र्याच्या शेडची कैची (छप्पर पेलणारा सांगाडा) आणि विजेचा मनोरा दाखवा. मला त्या दिवसापासून रस्त्याने जाताना मनोऱ्यांतले त्रिकोण मोजायची सवय लागली, ती अजून आहे.

जलरंग_सांगली:

मी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका.

तो डोंगर-सूर्य मुलांच्या हातून ओढून घेऊ नका. लहान मुलं एका वयात माणूस, घर, झाड या प्रत्येकाची एक ठरलेली खूण तयार करतात आणि तीच पुन्हापुन्हा काढतात. कलाशिक्षणाचे अभ्यासक लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात साधारण सात ते नऊ वर्षांचा हा टप्पा आहे. ती खूण त्यांनी कष्टाने कमावलेली असते. ज्याला बाकी काही जमत नाही त्याला तो डोंगर जमतो, आणि त्या जोरावर तो कागदाला हात लावतो. माझ्याकडे आठवीत येणारी मुलं एलिमेंटरीच्या स्मरणचित्रालाही हाच डोंगर घेऊन येतात, तेव्हा मात्र वाईट वाटतं. पण चौथीत "हे नको" म्हणालात तर मूल पुढच्या वेळी कोरा कागद देईल.

तोच डोंगर ठेवा आणि त्याला प्रश्न विचारा. या झोपडीच्या मागच्या बाजूला काय आहे? हे पक्षी कुठून निघाले? नदीत उभं राहून बघितलं तर झोपडी कशी दिसेल? दुसरा कागद द्या आणि मागची बाजू काढायला सांगा. मागच्या बाजूचं चित्र त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं.

लाकडी_साचा:

बाई, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३४ वर्षं पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा मी. शिक्षक नाही, पण तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा मिस्त्री आठवला.

तुमच्या दोन शब्दांत अडचण आहे असं मला वाटतं: "काहीही काढा." काहीही म्हटलं की डोक्यात जे तयार बसलंय तेच बाहेर येतं. मोठ्यांचंही तेच होतं. लग्नात एखाद्या बाईला म्हणा, एक कविता करा. ती पदर तोंडाला लावून मागे सरेल. तिलाच म्हणा, नाव घ्या. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा उभ्या उभ्या दोन ओळी जुळवते. का? नवऱ्याचं नाव आलंच पाहिजे आणि यमक जुळलंच पाहिजे, एवढीच जागा तिला असते. त्या अरुंद जागेतून निघताना ती चांदीचं ताट कुठून आणते, कृष्णा नदी कुठून आणते, तिचं तिलाही माहीत नसतं. मुलांना मोकळीक कमी पडली नाही बाई, अडवणूक कमी पडली. अशी अडवणूक, की तयार चित्र वापरताच येणार नाही.

आता मिस्त्रीचं सांगतो. मी १७ वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी त्याने मला पट्टी दिली आणि म्हणाला, बाजारातल्या पट्टीशी लावून बघ. आमची लांब होती. कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आखडतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहाएक मिलिमीटरने मोठा असतो. जे करायचंय ते आज जसं आहे तसं बघायचं नाही, थंड झाल्यावर काय उरेल ते बघायचं. दुसरी गोष्ट, आम्ही भरीव वस्तू करतो ती पोकळी मिळवायला. वाळूत नमुना दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या खड्ड्यात लोखंड जातं. आणि नळीसारखी आतून पोकळ वस्तू हवी असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा भरीव गाभा करून आत ठेवायचा. त्या गाभ्याच्या साच्याला कोअर बॉक्स म्हणतात. म्हणजे पोकळ ते भरीव आणि भरीव ते पोकळ, दिवसभर डोकं उलटसुलट. नव्या पोराला हे जमत नाही. तो ड्रॉइंग बघतो आणि ड्रॉइंगमध्ये दिसतं तेच लाकडात कोरून मोकळा होतो.

म्हणून काम ढिलं असलं की मिस्त्री एक खेळ लावायचा. पोत्यात एखादं कास्टिंग घालायचा, पोत्याचं तोंड सुतळीने मनगटाएवढं आवळायचा. आम्ही एकेकाने हात घालायचा. बघायचं नाही, बोलायचं नाही. मग कोपऱ्यात जाऊन हाताला लागलं ते काढायचं. आम्ही चौघे होतो आणि एका वस्तूची चार चित्रं व्हायची, चारही खरी. एकाला तिची धार कळलेली असायची, एकाला थंडपणा, मला नेहमी भोकं. त्या खेळातून मी कोअर बॉक्स शिकलो, पुस्तकातून नाही.

तुमच्या वर्गात हे होईल, पण दोन-तीन गोष्टी सांभाळा. ओळखीची वस्तू घालू नका. वाटी घातलीत तर बोट लागताच पोरगं "वाटी" म्हणेल आणि डोक्यातली वाटी काढेल. मोटर रिवायंडिंगवाल्याकडे पंपाचा जुना इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, पडलेला असतो, तो मागून बघा, कुणी नाही म्हणणार नाही. आत वळणदार पाती असतात, मधे एक डोळा असतो, हाताला ते भलतंच लागतं. कुठे धार असेल तर कानशीने घासून घ्या, आणि आधी स्वतःचा हात घालून बघा. आणि मुलांना नाव विचारू नका. "हे काय आहे?" असं विचारलं की उत्तर शोधणं सुरू होतं आणि हात थांबतो. "हाताला काय काय लागलं?" एवढंच विचारा.

दुसरा खेळ ओल्या मातीचा. बेंदराला मुलं बैल करतात तीच माती. एकाने मातीत काहीतरी दाबून काढून घ्यायचं, बाकीच्यांनी खड्डा बघून सांगायचं की इथून काय निघून गेलंय. हा खेळ माझ्या नातीला इतका आवडतो की घरातली एकही वाटी, चमचा, कंगवा कोरडा राहिलेला नाही.

बंगळूरकरीण:

काकांचं वाचून मी ऑफिसमधल्या दोन मीटिंगा मनातल्या मनात रद्द केल्या.

मी एका कंपनीत नवीन उत्पादनांच्या गटात काम करते. कल्पना काढणं हे आमचं पगारी काम. माझ्या अनुभवातली वर्गाला लागू पडेल अशी एकच गोष्ट सांगते: सगळ्यांना एकत्र बसवून "चला, सांगा बघू" करू नका. ही पद्धत ऑस्बॉर्न नावाच्या जाहिरातक्षेत्रातल्या अमेरिकन माणसाने लोकप्रिय केली. त्याचा एक नियम सोन्यासारखा आहे: कल्पना निघत असताना कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण एकत्र बसल्याने जास्त सुचतं, हा त्याचा दावा टिकला नाही. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासून पाहिलं, तर तेवढीच माणसं वेगवेगळी बसून आणि नंतर सगळ्यांच्या याद्या एकत्र करून जास्त कल्पना निघाल्या. कारण साधं आहे. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता आपलं सुचलेलं विरून जातं. वर्गात तर पहिल्या बाकावरची दोन मुलं बोलतात आणि बाकीची त्यांच्याच मागे जातात. तुमच्या १९ डोंगरांपैकी काही शेजारच्या कागदावरून आलेले असतील. तेव्हा आधी प्रत्येकाने गप्प बसून एकट्याने लिहायचं, मग मोठ्याने वाचायचं.

खेळ म्हणाल तर हा. जानी रोदारी नावाचे इटलीतले बालसाहित्यिक होते, आधी प्राथमिक शिक्षक, १९७० चं अँडरसन पारितोषिक मिळालेले. ते एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घेत आणि त्यांच्यामधे इटालियन शब्दयोगी बदलत जात. 'कुत्रा' आणि 'कपाट' ही त्यांची प्रसिद्ध जोडी. मी हे भाचीबरोबर मराठीत करून पाहिलं आणि थक्क झाले, कारण आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय तयारच आहेत. शाळेत ते आपण घोकतो आणि विसरतो, इथे ते यंत्रासारखे कामाला लागतात. कपाटाचा कुत्रा, कपाटातला कुत्रा, कुत्र्याला कपाट, कुत्र्याने कपाट... प्रत्येक प्रत्ययाला एक नवी गोष्ट. चौथीच्या मुलांना व्याकरणाचा तास आहे हे कळणारसुद्धा नाही. शब्द मात्र चिठ्ठ्या टाकून काढा, आपण निवडले की आपण जुळणारेच निवडतो.

माणदेशी_बाई:

तीन शनिवार झाले. सगळ्यांचे मनापासून आभार. जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी तसंच लिहिलंत.

इंपेलर मिळाला. बाजारच्या गावातल्या मोटरवाल्याने भंगाराच्या ढिगातून काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. घासून, धुऊन गव्हाच्या कट्ट्यात घातला. पोत्यातला खेळ एका तासात उरकत नाही. प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तरी ४६ मिनिटं नुसती हात घालण्यात जातात. म्हणून पहिल्या शनिवारी १२ आणि दुसऱ्या शनिवारी ११ मुलं घेतली. बाकीची तोवर बाहेर काड्या आणि वॉलट्यूब घेऊन बसली होती. पहिल्या बारांना सांगून ठेवलं होतं, आत काय आहे ते घरीसुद्धा बोलायचं नाही. ती मुलं आठवडाभर गुपित घेऊन फिरली. माझ्याकडे बघून हसायची.

एक मुलगी, वर्गात फारशी बोलत नाही, तिने हात घातला आणि डोळे मिटले. मी वेळ बघत होते. बराच वेळ तिचं मनगट पोत्यात हळूहळू वळत होतं, खांदा सुद्धा वळत होता. बाहेर काढल्यावर मी विचारलं, हाताला काय काय लागलं? ती म्हणाली, "बाई, ते थांबलंय, पण फिरतंय." काका, तुम्ही नाव विचारू नका म्हणालात म्हणून मी गप्प राहिले, नाहीतर नक्की म्हणाले असते, म्हणजे काय ते नीट सांग.

दुसऱ्या एका मुलाने सांगितलं, "मधल्या भोकातून बोट घातलं की ते कडेने बाहेर जातं." मी विचारलं, बोटाच्या जागी पाणी असतं तर? तो कोपऱ्यात जाऊन कागद घेऊन बसला. काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. मग उठून माझ्याकडे आला आणि कानात म्हणाला, "मोटर आहे ना?" त्यांच्या विहिरीवर मोटर आहे. वडिलांनी ती खोललेली त्याने कधी पाहिली नव्हती. तो घरी गेला आणि वडिलांना मोटरीत पाणी कसं शिरतं ते त्याने समजावलं. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, मला वाटलं काही तक्रार आहे. ते इंपेलर बघायला आले होते.

आणि काळ्या कागदाचा मुलगा. त्याने पुन्हा सगळा कागद काळा केला. पण या वेळी त्यात पाच-सहा पांढऱ्या वळणदार जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. म्हणाला, "काळं ते पोतं. जिथं हात लागला तिथं उजेड." २३ कागद भिंतीवर लावलेत. एकही दुसऱ्यासारखा नाही.

एक फसलेलंही सांगते. उत्साहाच्या भरात मधल्या एका दिवशी मी पोत्यात सोऱ्या घातला. पहिल्याच मुलीने हात घालताच "चकली!" म्हणून ओरडली आणि मग वर्गभर चकल्याच चकल्या. काकांनी आधीच सांगितलं होतं.

तिसऱ्या शनिवारी दोन शब्दांचा खेळ. चिठ्ठ्यांतून आले 'विहीर' आणि 'छत्री'. प्रत्यय फळ्यावर लिहिले आणि म्हटलं, दहा मिनिटं गप्प बसून लिहा. जी तीन मुलं कधीच हात वर करत नाहीत, त्यांचे कागद सगळ्यांत भरलेले निघाले. हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं याचं वाईट वाटलं. विहिरीतली छत्री बेडकाची होती. छत्रीने विहीर खणणारा एक म्हातारा आला. 'छत्रीची विहीर' वर एका मुलीने छत्री उलटी धरून पाऊस साठवला, दांड्याला भोक पाडलं आणि खाली हंडा ठेवला. 'विहिरीला छत्री' वर एकाने लिहिलं होतं, "विहिरीला ऊन लागतं म्हणून." वाचून दाखवल्यावर मुलं हसली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "शेततळ्याला तर लईच लागतं." आणि हसणं थांबलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. शेततळ्याचं पाणी रोज बोटाबोटाने खाली जाताना या मुलांनी पाहिलंय. त्यानंतर अर्धा तास २३ मुलं शेततळ्यावर काय काय पसरता येईल ते सांगत होती: उसाचं पाचट, साड्या, बांबूच्या ताट्या, रिकाम्या बाटल्यांचं जाळं. मला मधे बोलावंच लागलं नाही.

जलरंग सर, तुमचंही ऐकलं. डोंगराला हात लावला नाही. झोपडीची मागची बाजू काढायला सांगितली. १९ पैकी ११ जणांनी मागे पाण्याची टाकी काढली आणि टाकीवर गावाचं नाव लिहिलं.

काडेपेटी:

विहिरीला छत्री लिहिणाऱ्या मुलाला हे सांगा. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात नर्मदेच्या एका शाखा कालव्यावर २०१२ मध्ये जवळपास ७५० मीटर लांबीचं सौर पॅनलचं छप्पर घातलं, १ मेगावॅटचं. वीज तर मिळतेच, खाली सावली पडून पाण्याची वाफही कमी होते, आणि पॅनलसाठी वेगळी जमीन लागत नाही. त्याने जे लिहिलं तेच मोठ्या माणसांनी कालव्याला केलंय. फोटो इंटरनेटवर सहज मिळतील, वर्गात दाखवा. पण आधी त्यांचं पाचट आणि साड्यांचं पुरतं होऊ द्या. दोन सारख्या बादल्यांत खुणेपर्यंत पाणी भरून एकीवर पाचट, एक उघडी, आठ दिवस उन्हात ठेवून रोज पट्टीने मोजा. तो आकडा त्यांचा स्वतःचा असेल.

लाकडी_साचा:

बाई, "थांबलंय पण फिरतंय" हे मी बायकोला वाचून दाखवलं, मग शेजारच्या वर्कशॉपमध्ये जाऊन तिथल्या दोन पोरांना वाचून दाखवलं. इंपेलरची पाती मागच्या बाजूला का वळवतात हे आम्ही ड्रॉइंगवरून शिकलो. त्या मुलीला ते मनगटात कळलं. तिला माझ्यातर्फे एक चांगली कानस द्यायची इच्छा आहे, पण वय लहान आहे, अजून चार-पाच वर्षं थांबू.

तोवर असं करतो. माझ्याकडे सागवानी जुने कोअर बॉक्स पडून आहेत, दोन भागांत उघडणारे. एक पाण्याच्या कॉकचा आहे, एक पाइपाच्या बेंडचा. मुलांनी दोन्ही भागांत ओली माती ठासायची, जोडायचे, उघडायचे, आणि आतून जो गाभा निघेल तो बघून सांगायचं की ही कशाच्या आतली हवा आहे. माती चिकटू नये म्हणून आतून थोडी कोरडी राख भुरभुरा. पुढच्या आठवड्यात माझा भाचा ट्रक घेऊन दहिवडीकडे यायचा आहे, त्याच्याबरोबर देतो. एका बॉक्सची खुंटी ढिली झालीय, ती उद्या बसवून घेतो.

बादल्यांचा आकडा मला पण कळवा.